मार्चअखेरची मजुरीची बिले आणि कलम ४३बी(एच) : इचलकरंजीतील एका पेढीचे प्रकरण

ही भागीदारी पेढी ग्रे, म्हणजे रंगवण्याआधीच्या कोऱ्या कापडाची. स्वतःच्या शेडमध्ये चोवीस माग आहेत, पण बहुतेक कापड खर्चीवाल्यांकडून, म्हणजे मजुरीवर विणून देणाऱ्या छोट्या मागधारकांकडून, विणून घेतलेले असते. सूत पेढीचे, बीम (उभ्या सुताचे रूळ) सायझिंगमधून (सुताला खळ देणाऱ्या कारखान्यातून) भरून आलेले, विणाई खर्चीवाल्याची आणि मजुरी पिकावर (कापडातील आडव्या धाग्यांच्या संख्येवर) ठरलेली. तयार तागे पेढीत येतात, पारख होते, मग माल बालोतरा, पाली, अहमदाबादच्या व्यापाऱ्यांकडे रवाना होतो. तिकडून पैसे यायला साठ ते नव्वद दिवस लागतात. ते आले की इकडे खर्चीवाल्यांचे, सायझिंगचे, वाहतुकीचे पैसे निघतात. वस्त्रनगरीतल्या बहुतेक पेढ्यांची पेमेंट धारा अशीच चालत आली आहे.

आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये पेढीची उलाढाल १४ कोटी रुपये होती. भागीदारांचा पगार आणि भांडवलावरचे व्याज वजा जाता पुस्तकी नफा २२ लाख. (पेढीची ओळख राहू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत. कायद्याचा हिशेब मात्र जसाच्या तसा आहे.) २२ लाखांवर भागीदारी पेढीचा कर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. ही रक्कम ६ लाख ८६ हजार होते आणि पेढीने ती आगाऊ कराच्या हप्त्यांतून वेळेवर भरलेली होती. टॅक्स ऑडिटसाठी वह्या माझ्याकडे आल्या तेव्हा भागीदारांच्या मते वर्षाचा विषय संपलेला होता.

प्रत्यक्षात करपात्र उत्पन्न निघाले ४८ लाख आणि कर जवळपास १५ लाख. धाकट्या भागीदाराने विचारले, "साहेब, आम्ही कुणाचे पैसे बुडवले नाहीत. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांचे चुकते केलेत. मग हा वाढीव कर कशाचा?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर सरळ आहे, पण लांबलचक आहे.

कायदा काय म्हणतो

प्राप्तिकर कायद्यातील कलम ४३बी जुने आहे. काही खर्च नुसते वहीत नावे टाकून चालत नाहीत, पैसे प्रत्यक्ष भरले तरच त्यांची वजावट मिळते, हे त्याचे सूत्र. वित्त अधिनियम २०२३ ने त्यात (एच) हा उपखंड घातला आणि तो २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देणे 'सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६' च्या कलम १५ मधील मुदतीपलीकडे राहिले, तर ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी त्याची वजावट मिळेल, असे तो सांगतो.

मुदत लेखी करार असेल तर करारात लिहिली असेल ती, पण माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवस. करारात ९० दिवस लिहिले तरी ४५ च धरायचे. आणि लेखी करारच नसेल तर फक्त १५ दिवस. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये बाजारात सगळीकडे '४५ दिवसांचा कायदा' अशीच चर्चा होती. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांना १५ दिवसच आहेत, हे फार थोड्यांपर्यंत पोहोचले. खर्चीवाल्याशी कुणी करार करते का? पिढ्यान् पिढ्या व्यवहार तोंडी शब्दावर चालतो. या प्रकरणात सगळ्यात महाग पडली ती हीच गोष्ट.

आणखी एक फरक जाणत्या माणसांच्याही नजरेतून निसटतो. ४३बी मधल्या इतर काही देण्यांना, उदाहरणार्थ जीएसटी किंवा कामगारांचा बोनस, विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत सवलत आहे. तोवर पैसे भरले तर वजावट त्याच वर्षी मिळते. उपखंड (एच) ला ही सवलत नाही. म्हणून "एप्रिल-मेमध्ये चुकते केले" हे भागीदारांचे म्हणणे खरे असूनही उपयोगाचे नव्हते.

वर्षाच्या मध्ये उशीर झाला आणि पैसे ३१ मार्चच्या आत गेले, तर करात काही फरक पडत नाही. जुलैचे बिल नोव्हेंबरमध्ये दिले तरी वजावट त्याच वर्षात बसते. प्रश्न ३१ मार्चला शिल्लक राहिलेल्या बिलांचाच असतो.

देण्यांची विभागणी

३१ मार्च २०२४ रोजी पेढीचे देणे होते १ कोटी ३८ लाख. दिवाणजींच्या यादीत ते एकाच शीर्षाखाली होते, आणि धाकट्या भागीदाराने कुठेतरी ऐकले होते की हे सगळेच उत्पन्नात धरले जाणार. तसे नाही. प्रत्येक नाव वेगळे काढून तपासावे लागते.

सूत व्यापाऱ्यांचे ६१ लाख आधी बाजूला गेले. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) खुली झाली, पण त्यांना मिळालेला लाभ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरताच आहे. उशिरा पेमेंटच्या तरतुदी त्यांना लागू नाहीत. त्यामुळे व्यापाऱ्याकडे उद्यम प्रमाणपत्र असले तरी ते ४३बी(एच) मध्ये येत नाही. एका सूतगिरणीचे १८ लाख होते. गिरणीची उलाढाल ७० कोटींच्या घरात, म्हणजे त्या वर्षीच्या व्याख्येत ती 'मध्यम' आणि मध्यम उद्योग या तरतुदीबाहेर. तेही वगळले. एका छोट्या वर्कशॉपकडून घेतलेल्या यंत्राचे ६ लाख बाकी होते. यंत्राची किंमत खर्चात जात नाही, तिच्यावर घसारा मिळतो आणि घसाऱ्याला ४३बी लागत नाही. तेही गेले.

उरले खर्चीवाल्यांचे ३४ लाख, सायझिंगचे ११ लाख आणि वाहतुकीचे ८ लाख.

खर्चीवाल्यांपैकी ९ लाखांची बिले अशांची होती ज्यांच्याकडे उद्यम नोंदणीच नव्हती. २००६ च्या अधिनियमात 'पुरवठादार' या शब्दाची व्याख्या नोंदणीशी जोडलेली असल्याने नोंदणी नसलेल्याचे देणे यात येत नाही, हे प्रचलित मत आहे आणि मलाही ते पटते. तरी एक सावधगिरी हवी. नोंदणी व्यवहाराच्या आधीची हवी की नंतरचीही चालते, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एक भूमिका घेतली होती. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी वेगळे मत नोंदवून तो मोठ्या पीठाकडे सोपवला. नोंदणीच्या तारखेवर सगळी भिस्त ठेवून हिशेब करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

नोंदणी असलेल्या खर्चीवाल्यांचे देणे २५ लाख. करार एकाशीही नाही, म्हणून मुदत १५ दिवस. १६ मार्च किंवा त्याआधी स्वीकारलेल्या कापडाची मुदत ३१ मार्चला संपलेली होती. अशी बिले १७ लाखांची. त्यानंतरच्या ८ लाखांपैकी ५ लाख एप्रिलमध्ये पंधरा दिवसांच्या आत दिले गेले होते, ते सुटले. ३ लाख रेंगाळले, ते अडकले. म्हणजे खर्चीवाल्यांचे एकूण २० लाख अडकले.

सायझिंगवाल्याने मात्र वर्षाच्या सुरुवातीला दरपत्रक सही करून घेतले होते आणि त्यावर ३० दिवसांची मुदत छापलेली होती. तेवढ्या एका कागदामुळे ११ पैकी ७ लाख वाचले, ४ लाख अडकले. वाहतूकदारांत एकाचीच नोंदणी होती, त्याचे २ लाख. सगळे मिळून २६ लाख. या सर्व रकमा जीएसटी वगळून आहेत, कारण ज्या जीएसटीची वजावट आपण इनपुट क्रेडिट म्हणून घेतली तो खर्चात धरलेलाच नसतो.

२२ अधिक २६, म्हणजे ४८ लाख. वाढीव कर ८ लाख ११ हजार.

कराहून बोचणारा खर्च

हा ८ लाख ११ हजारांचा कर बुडीत जात नाही. पैसे २०२४-२५ मध्ये दिले असल्याने २६ लाखांची वजावट त्या वर्षी मिळते. पण आगाऊ करात ही रक्कम धरलेली नव्हती, त्यामुळे कलम २३४बी आणि २३४सी चे व्याज लागले. सप्टेंबरमध्ये विवरणपत्र भरताना ते दोन्ही मिळून ९० हजारांच्या आसपास गेले. हे व्याज कधीच परत येत नाही. शिवाय ८ लाख ११ हजार रुपये वर्षभर सरकारजमा राहिले. पेढीच्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या) खात्याचा दर साडेदहा टक्के आहे, त्या दराने हे ८५ हजार होतात.

आता दुसरी बाजू. ३१ मार्चला पेढीच्या सीसी मर्यादेत पुरेशी रक्कम शिल्लक होती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिच्यातून हे २६ लाख दिले असते, तर व्यापाऱ्यांकडून वसुली येईपर्यंतच्या चाळीसेक दिवसांचे व्याज ३० हजारांच्या आत बसले असते. ते व्याज खर्चातही धरता आले असते. पावणेदोन लाखांचा भुर्दंड विरुद्ध तीस हजार. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला तेव्हा थोरले भागीदार बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांनी सीसीला हात लावला नव्हता तो काटकसर म्हणून.

भागीदारांनी सुचवलेला एक मार्ग मी तिथेच बंद केला. "आता सगळ्यांशी करार करून घेऊ, तारीख मागच्या एप्रिलची टाकू." लेखी करार असता तर चित्र खरोखर वेगळे दिसले असते. ४५ दिवसांच्या मुदतीने १५ फेब्रुवारीनंतर स्वीकारलेली बिले ३१ मार्चला मुदतीतच राहिली असती आणि खर्चीवाल्यांचे अडकलेले २० लाख ६ लाखांवर आले असते. पण मागच्या तारखेचा करार हा खोटा दस्तऐवज आहे. उद्या चौकशी झाली तर स्टॅम्प पेपरची तारीख, खर्चीवाल्याचा जबाब, बँकेतील नोंदी, सगळे त्याच्या विरुद्ध बोलेल. कर पुढच्या वर्षी परत मिळणार असताना त्यासाठी फौजदारी जोखीम घेणे मला मान्य नाही, आणि ते ऑडिट अहवालावर सही करणाऱ्यालाही मान्य नसावे.

व्याजाची आणखी एक बाब आहे. २००६ च्या अधिनियमाप्रमाणे उशीर करणारा खरेदीदार रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देणे लागतो. त्या वर्षी बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. ते खर्च म्हणून मान्य होत नाही, आणि ज्यांच्या खात्यांचे ऑडिट होते त्यांना ते जाहीरही करावे लागते. एकाही खर्चीवाल्याने ते मागितले नाही. ज्याच्याकडून पुढच्या महिन्याचे बीम मिळायचे आहे त्याच्याकडे व्याज कोण मागेल? पण टॅक्स ऑडिट अहवालात त्याची रक्कम दाखवणे टळत नाही.

"नोंदणी रद्द करा" या सांगण्याबद्दल

मार्च २०२४ मध्ये बाजारात एक सल्ला जोरात फिरत होता : खर्चीवाल्यांना उद्यम नोंदणी रद्द करायला सांगा, नाहीतर काम देऊ नका. या पेढीच्या दिवाणजींनीही तिघा-चौघांना तसे सुचवले होते. हे मला मनापासून चुकीचे वाटते. दहा-बारा मागांचा खर्चीवाला कामगारांचा पगार आठवड्याला देतो, विजेचे बिल महिन्याला भरतो आणि स्वतःची मजुरी मात्र अडीच महिन्यांनी घेतो. त्या अडीच महिन्यांचा खर्च तो पतसंस्थेकडून किंवा खासगी सावकाराकडून कर्ज काढून भागवतो. कायदा नेमका या माणसासाठी आहे. नोंदणी सोडली की अग्रक्रमाचे कर्ज, पतहमी योजना आणि थकबाकीसाठी सुविधा परिषदेकडे दाद मागण्याचा हक्क, सगळे एकदम जाते. आणि ज्या काळात नोंदणी होती त्या काळातल्या व्यवहारांचे स्वरूप नंतर नोंदणी रद्द करून बदलत नाही, त्यामुळे पेढीलाही त्या वर्षाचा फायदा नव्हताच.

पेढीची अडचण खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. तिचे स्वतःचे पैसे नव्वद दिवस अडकतात आणि तिने मात्र पंधरा दिवसांत द्यायचे, हा ताण खरा आहे. पण इथे एक गोष्ट दोन्ही भागीदार भावांच्या ध्यानातच आली नव्हती. स्वतःचे माग चालवणारी, १४ कोटी उलाढालीची त्यांची पेढी स्वतः 'लघु' उद्योग आहे आणि तिची उद्यम नोंदणी २०२१ पासून आहे. बालोतऱ्याचा व्यापारी जेव्हा तिचे पैसे नव्वद दिवस ठेवतो तेव्हा तोच नियम त्यालाही लागतो. पेढीच्या बिलावर मात्र उद्यम क्रमांक कुठेच छापलेला नव्हता.

पुढची दोन वर्षे

२०२४-२५ साठी केलेले बदल साधेच आहेत. प्रत्येक खर्चीवाल्याशी ४५ दिवसांचा लेखी करार झाला, खऱ्या तारखेचा. खातेवहीत प्रत्येक नावासमोर उद्यम क्रमांक, वर्ग आणि उत्पादक, सेवा की व्यापारी ही नोंद आली. तागे पेढीत आले त्या दिवसाचा शिक्का चलनावर पडू लागला, कारण मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजायची असते, बिलाच्या तारखेपासून नव्हे. पारखीत खोट निघाली तर पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवायचे, नुसत्या फोनने नाही. लेखी हरकत घेतली तर ती दूर झाल्याच्या दिवसापासून मुदत चालू होते. आणि २० मार्चला दिवाणजी यादी काढतात, त्यानुसार सीसीमधून पैसे जातात.

३१ मार्च २०२५ ला अडकलेली रक्कम ७ लाखांवर आली. त्या वर्षीचा पुस्तकी नफा २४ लाख. त्यात ७ लाख मिळवले, आदल्या वर्षीचे २६ लाख वजा केले, उत्पन्न ५ लाख. भागीदार खूश झाले. पण इथे कायद्यातला दुसरा एक धागा ताणला गेला. भागीदारांच्या पगाराची वजावट 'बुक प्रॉफिट'च्या प्रमाणात मिळते आणि हे बुक प्रॉफिट प्राप्तिकराच्या नियमांनी काढायचे असते, वहीतले नव्हे. पगार होता १२ लाख. तो मिळवून बुक प्रॉफिट झाले १७ लाख. त्या वर्षीच्या सूत्राप्रमाणे पहिल्या ६ लाखांचे ९० टक्के आणि उरलेल्या ११ लाखांचे ६० टक्के, म्हणजे बरोबर १२ लाखांपर्यंतच वजावट. पगार जेमतेम बसला, उत्पन्न ५ लाखच राहिले आणि कर १ लाख ५६ हजार. इथे पगार नामंजूर होण्याचा फटका बसला नाही. पण ज्या पेढ्यांत भागीदारांचा पगार मोठा आणि नफा बेताचा, तिथे मागच्या वर्षीची वजावट परत येताना हा फटका बराच मोठा बसू शकतो आणि तो आधी मोजून ठेवायला हवा.

जिथे दर मार्चला तेवढेच देणे शिल्लक राहते, तिथे गोष्ट आणखी वेगळी. मागचे २६ लाख वजा होतात आणि नवे २६ लाख पुन्हा मिळवले जातात. करातला फरक शून्य दिसतो, पण पहिल्या वर्षी भरलेले ८ लाख ११ हजार धंद्यातून कायमचे बाहेर गेलेले असतात. देणे देण्याची सवय बदलेपर्यंत ते परत येत नाहीत.

छोट्या व्यावसायिकांनी एक वेगळी शक्यताही पाहावी. कलम ४४एडी खाली अनुमानित उत्पन्न दाखवणाऱ्यांना ४३बी लागू होत नाही. उलाढाल २ कोटींपर्यंत, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांहून अधिक नसेल तर ३ कोटींपर्यंत हा मार्ग मोकळा आहे. या पेढीला तो नव्हता.

१ एप्रिल २०२५ पासून व्याख्या बदलल्या. सूक्ष्म उद्योगाची उलाढालीची मर्यादा ५ कोटींवरून १० कोटी, लघुची ५० वरून १०० कोटी झाली आणि यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीच्या मर्यादा अडीचपट झाल्या. ज्या सूतगिरणीचे १८ लाख २०२४ मध्ये आपण सहज बाजूला ठेवले होते, ती ७० कोटींची गिरणी आता 'लघु' झाली. तिने काही केले नाही, पेढीनेही काही केले नाही, तरी तिचे सगळे देणे ४३बी(एच) मध्ये आले. गिरणीची उधारी साठ दिवसांची होती. ती ४५ दिवसांवर आणायची म्हणजे पेढीला खेळते भांडवल वाढवावे लागणार, म्हणून बँकेकडे सीसी वाढवून मागितली आहे. दर एप्रिलमध्ये सगळ्या पुरवठादारांची उद्यम प्रमाणपत्रे नव्याने मागवायची, हे आता दिवाणजींच्या कामांत लिहिले गेले आहे. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू होताना कलमांचे क्रमांक बदलतात, पैसे दिल्यावरच वजावट हे सूत्र तिथेही आहे.

पेढीच्या बिलांवर आता उद्यम क्रमांक आणि 'उत्पादक, लघु उद्योग' अशी ओळ ठळक छापलेली असते. गेल्या मार्चमध्ये अहमदाबादच्या दोन व्यापाऱ्यांनी २५ तारखेच्या आत पैसे पाठवले. बालोतऱ्याच्या एकाने मात्र, इथून पुढे माल 'मध्यम' उद्योगाकडून घेऊ, असे कळवले. त्याचा वर्षाचा व्यवहार मोठा आहे. त्याला गमावायचे की त्याच्यासाठी क्रमांक बिलावरून काढायचा, यावर दोघा भावांचे एकमत झालेले नाही. क्रमांक काढल्याने पेढीचा दर्जा बदलत नाही आणि व्यापाऱ्याची जबाबदारीही टळत नाही, एवढे मी त्यांना लेखी दिले आहे.